सुमनबाईंची तकली

सुमनबाई गेल्या, हे त्यांच्या भाच्यानं मागच्या महिन्यात दारातच सांगितलं, आणि माझा हात आधी स्वतःच्या मनगटावर गेला. का, ते सांगते...

महाराष्ट्र नुकताच झाला होता. धामणगाव बढ्याच्या शाळेत मी म्हणजे वर्गाच्या डोक्याला ताप! फळ्यावर गणित, माझं चित्त खिडकीत घुमणाऱ्या होल्यांवर. पाटी फुटलेली, शेजारणीची वेणी सोडलेली. आधीच्या गुरुजींनी माझ्यावर छड्या मोडल्या. मग देऊळघाटच्या सुमनबाई आल्या, अंगानं काडी. त्यांनी बरेच दिवस मला नुसतं पाहिलं. सूतकताईच्या तासाला ही पोर स्थिर बसते आणि तेव्हा सांगितलेलं तिच्या ध्यानात राहतं, एवढं त्यांनी हेरलं. मग गणितालाही माझ्या हातात तकली दिली. 'हात फिरू दे, कान माह्याकडं ठेव,' म्हणाल्या. आणि काय सांगू, पाढे भराभर पाठ झाले! मी तकली घरी न्यायला लागले. तिथंच घात झाला.

ओट्यावर बसून मी तकली फिरवायची, नजर तिच्यावर, ओठांत पाढे. हाक मारली तरी ऐकू यायची नाही. घडीभर न टिकणारी पोर अशी थिजलेली पाहून आजीचा चेहराच उतरला. 'पोरीले लागलं हो काही... पुटपुटून राह्यली पाहा!' घरातलं बोलणं एकदम कमी झालं. मी आले की आई तोंडाला पदर लावायची. उंबऱ्यावर लिंबू आलं, दंडाला काळा दोरा आला. बाबांनी शाळा बंद केली. तकली फिरवणाऱ्या मनगटावर भूत उतरवणारा भगत अवसेला डागणार, असं चुलत बहिणीनं कानात सांगितलं.

अवसेच्या दुपारी माणसांनी भरलेल्या अंगणात गोवऱ्या पेटल्या, त्यात विळा लाल होत होता. आईनं मला धरून ठेवलं होतं आणि तीच रडत होती. तेवढ्यात सुमनबाई आल्या, घामानं डबडबलेल्या. त्यांनी परोपरीनं समजावलं, मला पाढा म्हणायला सांगितला. भीतीनं माझ्या तोंडून शब्द फुटेना. 'पाहा, वाचा बसली,' भगत म्हणाला. 'त्या तकलीतूनच लागलं हिले.'

बाईंनी स्वतःचं मनगट पुढं केलं. 'तकली मी देली. तं पहिले मले डागा.'

भगत मागं हटेल असं त्यांना वाटलं असावं. एवढ्या लोकांसमोर तो हटला नाही.

तो चर्र आवाज अजून कानात आहे. बाबांनी अख्खा हंडा विस्तवावर ओतला. 'बस झालं, महाराज. पोरीले हात लावू नका.' दुसऱ्या दिवशी मी वर्गात होते. बाईंच्या हाताला चिंधी बांधलेली होती आणि त्या अडीचकीचा पाढा घेत होत्या.

बाईंनी जपून ठेवलेली ती तकली भाच्यानं मला आणून दिली. हे लिहिताना मी कितीदा उठले, याची काही गणतीच नाही. शेवटी उजव्या हातानं तकली फिरवत बसले, तेव्हा कुठं शब्द जुळले. ती फिरते तेव्हा मनगटाकडं लक्ष जातंच. कातडी सुरकुतली आहे, पण डाग नाही. माझा डाग बाई घेऊन गेल्या.