बिंगोत नसलेलं वाक्य

दीक्षा गजभिये नऊ वर्षं एका कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये होती. कुणाचा फ्रिज बंद पडला, कुणाचं वॉशिंग मशीन पाणी सोडेना, की वैतागलेल्या माणसाचा फोन तिच्या कानात यायचा. ती कधी उलट बोलली नाही. "घाबरू नका जी, मी आहे ना लाईनवर," म्हणायची आणि समोरचा निम्मा तिथंच थंड व्हायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई कौसल्याबाई सरकारी दवाखान्यात आया होती; ती पेशंटशी असंच बोलायची.

कंपनी दरवर्षी बंगळुरूला मोठा कार्यक्रम करायची. मोठे साहेब स्टेजवर नवी यंत्रं दाखवायचे आणि नागपूरच्या ऑफिसला कॅन्टीनच्या टीव्हीवर ते दोन तास बघावं लागायचं. त्या कंटाळ्यावर दीक्षानं बिंगोचा खेळ काढला. व्हिडिओ बघून बघून ती वेबपेज बनवायला शिकली होती. लिंक उघडली की प्रत्येकाच्या मोबाईलवर पंचवीस घरांचा वेगळा तक्ता यायचा. घरांत साहेबांच्या ठरलेल्या गोष्टी: 'क्रांती', 'आपण एक कुटुंब', 'टाळ्यांसाठी थांबले'. तसं घडलं की घरावर बोट ठेवायचं, ते पिवळं व्हायचं. ज्याची ओळ आधी भरेल त्याचं नाव सगळ्यांच्या मोबाईलवर झळकायचं.

यंदा एकच तक्ता दोघांना जात होता. ती चूक शोधण्यात तिचे आठ दिवस गेले. शेजारच्या खुर्चीवरचा हेमराज म्हणाला, "काहून एवढी मरून राहिली वं? टाइमपासच तर आहे."

"असू दे ना गा. वर्षातून एकदा सारे सोबत हसतात."

कार्यक्रमाच्या सकाळी खेळ बिनचूक चालला. साहेबांनी पाच मिनिटांत दोनदा क्रांती केली, कॅन्टीन खिदळलं. दीक्षाच्याच टीममधल्या मयुरीची ओळ भरायला एकच घर उरलं होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता आमची नवी मदतनीस ऐका. ही माणूस नाही, मशीन आहे."

स्पीकरवर एका माणसानं फ्रिजची तक्रार केली. मग एक बाई बोलली, "घाबरू नका जी, मी आहे ना लाईनवर."

तिकडे टाळ्या पडल्या. मयुरीनं मोबाईल खाली ठेवला. "दीक्षा, हे तर तुयं बोलणं..."

'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं गिऱ्हाइकांना नऊ वर्षं ऐकवलं जात होतं. ते रेकॉर्डिंग कशासाठी, हे दीक्षाला त्या क्षणी कळलं. ती मॅनेजर कुसुमताईंकडे गेली. त्या नजर न उचलता म्हणाल्या, "रेकॉर्डिंग कंपनीचं, अशा जॉइनिंगच्या कागदावर सही आहे तुझी. माझीही आहे."

दोन महिन्यांत बहुतेकांना घरी बसवलं. हेमराज नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोदामात कामाला लागला. दीक्षानं एका मुलाखतीत आपला बिंगो दाखवला. समोरचा पोरगा चांगलं बोलला, पण म्हणाला, "मॅडम, हे आता एआय दोन मिनिटांत करून देतं."

आता ती एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. नाव, वय, उपाशीपोटी आलात का, एवढं विचारते आणि चिठ्ठी फाडून देते. घरीही गप्पच असते.

"तिथं लोकायशी बोलत असशील ना वं?" कौसल्याबाईंनी एकदा विचारलं.

"नाही आई," ती ताट ओढत म्हणाली. "रांग मोठी असते."