परसातली हाक

फाल्गुनात लेकीच्या सासरी गेले होते. सकाळी खिडकीतून पाहिलं, तर मीरा सासूबाईंबरोबर परसात मिरचीची रोपं लावत होती. कोपरापर्यंत माती आणि तोंडभर हसू. माझ्या बागेत हिने कधी झारी उचलली नाही. की रोप मोडेल म्हणून मीच तिला हात लावू दिला नव्हता? इथे मात्र तिने एक रोप मोडलं, तेव्हा सासूबाई नुसत्या हसल्या. माझा जीव जळला. सासूबाई पाणी आणायला नळाकडे गेल्या आणि मीराने हाक मारली, "आई, इकडे या ना!" मी चपला सरकवून धावले. परसात पोचल्यावर लक्षात आलं, मला ती "ये" म्हणते.