उजळणी

सहा वर्षं नोकरी केल्यावर मी भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. वर्ग सुरू व्हायला पंधरा दिवस होते, म्हणून बी.एस्सी.च्या गणिताच्या वह्या काढून बसले. अक्षर माझंच होतं, पण उदाहरणं परक्या कुणीतरी सोडवल्यासारखी वाटत होती. तरी रोज घासलं की गंज थोडा थोडा निघत होता.

त्या दुपारी एका मॅट्रिक्सपाशी अडले. आईने कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलेलं, म्हणून तिलाच विचारलं. तिने पेन्सिल घेतली, मॅट्रिक्स सुबक उतरवलं, कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून लॅम्डा वजा केला आणि थांबली.

"पुढे काय करायचं असतं गं?"

मी हसले. माझी परीक्षा घ्यायची तिची जुनी सवय. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ओळखीच्या गल्लीत आपलंच घर न सापडणाऱ्या माणसासारखी ती कागदाकडे बघत होती.

"डिटर्मिनंट काढायचा," मी हळूच म्हणाले.

"हो, हो. बरोबर." तिने मुकाट्याने लिहून घेतलं.

विसरलेलं पुन्हा शिकता येतं, हे मी इतके दिवस गृहीतच धरलं होतं. कायमचं विसरणंही असतं, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

"उद्यापासून मीही बसते तुझ्याबरोबर," आई म्हणाली. मग आतल्या खोलीकडे बघत तिने आवाज खाली आणला. "बाबांना सांगू नकोस. मागच्या वेळेनंतर असं पुन्हा झालंच नाही, असं वाटतंय त्यांना."