पोपटी शर्टावरचं वाक्य

"पाच स्टार देऊन लोक सोडून कसे जातात, ताई?" प्रज्ञानं विचारलं. खराडीच्या तिच्या ऑफिसात स्क्रीनवर रिन्यूअलचा आकडा लावलेला होता आणि ती खुर्चीत बसायला तयार नव्हती.

रिन्यूअल म्हणजे ग्राहकानं तीन महिने संपल्यावर पुन्हा पुढचे तीन महिने घेणं. दहातले सहा जण घेत नव्हते. स्टार्टअपला नवा ग्राहक मिळवायला जाहिरातीचा खर्च येतो. तो पहिल्या तीन महिन्यांत वसूल होत नाही, पुढच्या सहा-आठ महिन्यांत होतो. ग्राहक त्याआधीच गेला, तर प्रत्येक नव्या ग्राहकामागे कंपनीचा तोटा वाढतो. म्हणजे धंदा जितका जोरात, तितकी कंपनी लवकर बंद.

प्रज्ञाची कंपनी पुण्यातल्या एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांकडे मदतनीस पाठवायची. बँकेत सोबत जाणं, डॉक्टरकडे नेणं, मोबाइलवर बिल भरून देणं, चहा घेत तासभर बोलणं. पैसे भरायची परदेशातली मुलं. प्रज्ञा मूळची नागपूरची. आयटीतली चांगली नोकरी सोडून तिनं हे सुरू केलं होतं, आणि मदतनीस म्हणून वीसेक मुलंमुली कामाला ठेवली होती. गुंतवणूकदारांच्या वतीनं राव सर यायचे. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत निम्मे तरी ग्राहक टिकले पाहिजेत, नाहीतर पुढचे पैसे येणार नाहीत. पैसे आले नाहीत तर कुलूप.

माझी मार्केटिंगची छोटी फर्म आहे. प्रज्ञानं मला बोलावलं ते जाहिरात आणखी चांगली करायला. मी जाहिरात पाहिली. चांगली होती. मग सोडून गेलेल्यांची नोंद पाहिली. त्यात एक गोष्ट विचित्र होती. पैसे भरणाऱ्या मुलांची तक्रार नव्हती. "बंद करा" असं सांगणारे फोन आईवडिलांचे होते, आणि त्याच आईवडिलांनी मदतनिसांना पाच स्टार दिले होते.

"किंमत जास्त वाटत असेल," प्रज्ञा म्हणाली.

"पैसे त्यांचे जात नाहीयेत. चल, विचारून येऊ."

"आमच्या कॉल सेंटरनं विचारलंय. सगळे एकच सांगतात, आता गरज नाही."

"फोनवर तसंच सांगतात."

माझी पद्धत जुनी आहे. नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला, नवनवीन ब्रँड आले, तेव्हा मी कॉलेज संपवून घरोघर प्रश्नावल्या भरून घ्यायचं काम करत होते. साबण कोणता, का बदलला, कुणी सांगितलं. तेव्हा शिकले की माणूस दारात एक उत्तर देतो, आणि आत बसून पाणी प्यायल्यावर दुसरं देतो. दुसरं लिहून घ्यायचं. पुढे आयटी कंपन्यांत मोठ्या पदांवर काम केलं, स्वतःची फर्म काढली, पण याच्यापेक्षा चांगली युक्ती मला कुणी शिकवली नाही.

आम्ही पेंडसे काकूंकडे गेलो (नावं बदलली आहेत). सहकारनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे. मुलगा समीर अमेरिकेत. मंगेश नावाचा आमचा मदतनीस त्यांच्याकडे तीन महिने येत होता. आदल्याच आठवड्यात त्यांनी सेवा बंद केली होती.

"या. मात्र पुन्हा सुरू करा म्हणणार असाल, तर नुसता चहा पिऊन जा," काकू म्हणाल्या.

"मंगेशचं काही चुकलं का, काकू?" प्रज्ञानं विचारलं.

"त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. फार चांगला मुलगा आहे."

"मग?"

"गरज नाही आता."

टेबलावर बँकेची दोन पत्रं न फोडता पडली होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला होता. गरज नव्हती असं काही दिसत नव्हतं. मी पाणी प्यायले आणि थांबले.

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या साठेबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. काकू वाटीत विरजण घालत सहज म्हणाल्या, "या आमच्या ऑफिसातल्या कुसुमची मुलगी आणि भाची. इकडे आल्या होत्या, म्हणाल्या डोकावून जाऊ."

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. मी साठेबाईंना नमस्कार केला. त्या गेल्या.

"काकू, आम्ही कोण ते तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

काकूंनी दार लावून घेतलं. मग बसल्या.

"तुमचा तो पोपटी शर्ट. लिफ्टमध्ये चढला की अख्ख्या बिल्डिंगला कळतं. पाठीवर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'तुमची मुलं लांब, आम्ही जवळ.' कुणी लिहिलं हो ते?"

प्रज्ञा हळूच म्हणाली, "मी."

"छान लिहिलंस. दुरून वाचता येतं." काकूंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "परवा खाली बाकावर साठे म्हणाल्या, समीर पैसे टाकून मोकळा झाला वाटतं. अगं, माझा समीर रोज फोन करतो. तिकडे रात्रीचे अकरा वाजलेले असतात, डोळे मिटत असतात त्याचे, तरी करतो. ते मंगेशच्या शर्टावर कुठे लिहिलंय? मी सगळ्यांना काय काय सांगत फिरू?"

"म्हणून बंद केलंत?"

"मंगेश हवाच होता मला. तो आला की दोन घास जास्त जायचे. पण त्याच्यापायी माझ्या मुलाला नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. गुडघा दुखतो तो दुखू दे."

परतताना आम्ही रिक्षा केली. मार्केट यार्डाजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "कंपनीचं नाव ठरायच्या आधी मी ते वाक्य लिहिलं होतं. मला वाटलं, आधार वाटेल त्यांना."

"वाक्य पैसे भरणाऱ्या मुलासाठी बरोबर आहे. ते आईच्या दारात उभं केलं, एवढंच."

मग ती म्हणाली, "बाबा शेजाऱ्यांना सांगतात, प्रज्ञा पुढच्या महिन्यात येतेय. दर महिन्याला सांगतात. मी गेले नाही की तेच सांगतात, तिला सुट्टी मिळाली नाही. मला वाटायचं, त्यांना खरंच आशा असते. ते मला झाकत होते, ताई."

सिग्नल सुटला.

त्यानंतर आम्ही सोडून गेलेल्या आणखी काहींच्या घरी जाऊन आलो. शब्द वेगळे, कारण तेच. एका आजोबांनी तर मदतनिसाला बाहेर जाताना स्वतःचा बुशशर्ट घालायला लावला होता.

राव सरांसोबत मीटिंग झाली. मी सांगितलं, पोपटी शर्ट बंद. मदतनिसांनी साध्या कपड्यांत जायचं. ओळखपत्र खिशात ठेवायचं, दारावर फक्त ग्राहकाला दाखवायचं. कोण येणार त्याचा फोटो आधी मोबाइलवर पाठवायचा, म्हणजे सुरक्षेला धक्का नाही. शर्टावरचं कंपनीचं नाव आणि ते वाक्य परदेशातल्या मुलांना फोनवर दिसणाऱ्या जाहिरातीत राहू द्यायचं. पुण्याच्या जिन्यात नको.

राव सर म्हणाले, "मार्केटिंगवाली बाई कंपनीचं नाव पुसायला सांगते, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. वीस मुलं शहरभर फिरतात, ती फुकटची जाहिरात आहे, मॅडम."

"फुकट नाही. त्या जाहिरातीवर दहातले सहा ग्राहक खर्च होतायत."

"आणि आमचा ब्रँड कुणाला दिसणारच नाही?"

उत्तर प्रज्ञानं दिलं. "नाही दिसणार, सर. तो शर्ट मी निवडलाय, मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय. पण काढूया."

राव सरांनी दिवाळीपर्यंतची मुदत वाढवली नाही. मात्र शर्ट काढू दिले.

पेंडसे काकूंना प्रज्ञानं स्वतः फोन केला. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि एक अट घातली. मंगेशनं खाली वॉचमनच्या वहीत 'समीरचा मित्र' असं लिहायचं. मंगेशनं समीरला कधी पाहिलेलं नव्हतं. काकूंनी मग एका रविवारी दोघांचं व्हिडिओ कॉलवर बोलणं करून दिलं, म्हणजे ते खोटं राहणार नाही. आता समीर मंगेशला परस्पर फोन करतो, आणि क्रिकेटवर बोलणं झालं की आईचा गुडघा विचारतो.

दिवाळीपर्यंत दहातले सात ग्राहक टिकू लागले. पुढचे पैसे आले. प्रज्ञा चार दिवस नागपूरला जाऊन आली. परत आली ती शेजाऱ्यांनी दिलेले तीन डबे घेऊन.

काही महिन्यांनी साठेबाईंच्या ऑस्ट्रेलियातल्या मुलीनं आईसाठी सेवा घेतली. साठेबाईंनी बजावलं, समोरच्यांना कळता कामा नये. आज त्या एकाच बिल्डिंगमध्ये आमची चार घरं आहेत. चौघांनाही वाटतं की आपण एकटेच. वेळापत्रक लावताना प्रज्ञाचं ऑफिस एवढं बघतं की दोन मदतनीस एका लिफ्टमध्ये भेटू नयेत.

लोकांनी आपलं नाव घ्यावं यासाठी कंपन्या मला पैसे देतात. या घरांत आमचं नाव कुणी घेत नाही, आणि सोडूनही कुणी जात नाही. या दोन्हींतला दुसरा आकडा मी जास्त महत्त्वाचा मानते. पहिला, नाव घेणाऱ्यांचा आकडा मात्र मीटिंगमध्ये पडद्यावर छान दिसतो.