कुत्र्याच्या नावावरचं तेल

ठमाबाईनं कुत्रा पाळला तो खोटं बोलली म्हणून. कुत्र्याची हौस तिला कधीच नव्हती.

कल्याणच्या बाजारात झाडपाल्याच्या औषधांचं एक दुकान होतं. डोंबिवलीला अजून ठेसन झालं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. कोपरच्या बाया भरती धरून होडीनं कल्याणला यायच्या, सुकटीच्या पाट्या विकायच्या आणि ओहोटीबरोबर परत जायच्या. ठमाबाईनं त्या दिवशी पाटी लवकर रिकामी केली आणि दुकानाच्या पायरीशी उभी राहिली.

"कडूकवठीचं तेल हाय का?"

दुकानदार म्हातारा होता. पुडी बांधता बांधता त्याचा हात थांबला. हे तेल मागणारं गिऱ्हाईक वर्षातून दोन-चारदा यायचं, आणि बहुतेक एकाच दुखण्यासाठी यायचं. त्या दुखण्याचं नाव दुकानात कुणी घेत नसे.

"कोणाला हवंय?" त्यानं विचारलं.

ठमाबाई तोंड उघडणार, एवढ्यात मागून आवाज आला, "कं गो ठमे, कंचा तेल घेतंस?"

चंद्रभागा. शेजारची. मिठागराचा मुकादम काळुराम, त्याची बायको. ती पाटी डोक्यावर घेऊन अगदी पाठीशी येऊन उभी.

"कुत्र्याला," ठमाबाई म्हणाली.

"कुत्र्याला? तुज्याकरं कुत्रा कवा आला?"

"आलाय. लूत भरलेय त्याला."

दुकानदाराचा चेहरा सैल झाला. कुत्र्याची लूत म्हटल्यावर त्याला बोलायला मोकळीक मिळाली. आधी राखेच्या पाण्यानं धू, म्हणाला. उन्हात वाळव. मग चुन्याची निवळी घालून तेल घोट आणि केस उलटे करून कातडीपर्यंत चोळ. तेल अंगात मुरेपर्यंत तोंडाला फडकं बांधून ठेव, नाहीतर चाटेल आणि ओकून ओकून मरेल.

"आनि मानसानं खाल्लं तर?" ठमाबाईनं विचारलं.

"माणूस कशाला खाईल?" म्हातारा म्हणाला.

ती गाडगं घेऊन निघाली. बंदरावर होडी सुटायला वेळ होता. मासळीच्या घाणीवर चार-पाच कुत्री लोळत होती. त्यातलं सगळ्यात वाईट तिनं बघून ठेवलं. पाठीवर केस नाही, कानांच्या कडा खपल्यांनी जाड झालेल्या, डोळ्यांत चिपडं. बोंबलाचं डोकं दाखवून तिनं त्याच्या गळ्यात दोरी घातली. होडीतल्या बायांनी शिव्या दिल्या.

"ठमे, ह्याला घरान ठेवला व्हतास कं पेटीन? इतके दिवस दिसला नाय तो!"

"पलून आलता बंदरावं. गावला आज."

चंद्रभागा हसली, पण पदर नाकाला लावून बसली. वास तसाच होता.

खरी गोष्ट घरात होती. गोमाजी, ठमाबाईचा नवरा, मिठागरात तळ तुडवायचं काम करायचा. खाऱ्या पाण्यात उघड्या पायांनी दिवसभर चालायचं, म्हणजे चिखल घट्ट बसतो आणि मीठ पांढरं धरतं. त्या कामाला पाय फुटतातच. जखमेवर मिठाचं पाणी गेलं की धट्टाकट्टा गडीही आईबापाला हाका मारतो. मागच्या मोसमात गोमाजीच्या टाचेत शिंपलं घुसलं होतं. चांगली दोन बोटं आत. ठमाबाई भाकर घेऊन गेली तेव्हा त्याच्यामागे पाण्यात लाल रेघ उठत होती, आणि तो गाणं गुणगुणत चालला होता.

"अवं, पाय!" ती ओरडली.

त्यानं खाली बघितलं, आणि मग तिच्याकडे. दोघांनाही एकाच वेळी कळलं. त्यानं वाकून शिंपलं उपसलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

गोमाजीच्या चुलत्याला हेच झालं होतं. गावानं त्याला तिवरांच्या कडेला खोप बांधून दिली. भात पानावर ठेवून लोक लांब व्हायचे. तो मेला तेव्हा खांदा द्यायला कोणी गेलं नाही. खोपीलाच काडी लावली. गोमाजी तेव्हा दहा वर्षांचा होता. बांधावरून त्यानं बघितलं होतं. लग्नाच्या आधीच त्यानं हे ठमाबाईला सांगितलं होतं, आणि दुखणं कळलं त्या दिवशी त्यानं एवढंच मागितलं.

"मना घरान मरू दे. चार मानसांच्या खांद्यावं जाऊ दे."

मूलबाळ नव्हतं. मागायला दुसरं काही नव्हतंच त्याच्यापाशी.

तर असं ते तेल घरात आलं. सकाळी पडवीत कुत्र्याला, आणि दार लावून आत गोमाजीला. पाठीवर, कमरेवर, मांड्यांवर फिकट चट्टे होते, त्यांच्यावर ती जोर लावून चोळायची. तो म्हणायचा, "हाथ लागतंय कं नाय तेच कलत नाय." कुत्र्याला मात्र कळायचं. तो विव्हळायचा, पाय झाडायचा, फडकं तोडायला बघायचा. दोघांना एकाच फडक्यानं पुसायचं नाही, एवढं तिनं पाळलं.

दिवाळीपर्यंत कुत्रा ओळखू येईना. पाठीवर आधी राखाडी लव आली, मग तांबूस केस. खपल्या झडल्या. ढुंगणावरची हाडं झाकली गेली. त्याला सगळे लुत्याच म्हणत राहिले, पण आता ते नाव ऐकून परकी माणसं हसायची. गोमाजीच्या पाठीवरचे चट्टे होते तिथंच होते. एक नवा आला होता, डाव्या मनगटावर.

ठमाबाईला राग कुत्र्याचा आला. त्याला बरं व्हायची एवढी घाई कशाला होती! बऱ्या कुत्र्याला तेल कशाला लागतं, हा प्रश्न चंद्रभागा कधी ना कधी विचारणारच. पण चंद्रभागेनं दुसरंच केलं. ती राघो कोळ्याच्या कुत्रीला घेऊन आली. मग पलीकडच्या पाड्यावरून एक आला. कुणी फाटक्या कानाचा, कुणी शेपटीला खाज सुटून गोल गोल फिरणारा. ठमाबाईनं कुणालाच नाही म्हटलं नाही. कुत्री येत होती तोवर तेल आणायला कारण होतं. राखेचं पाणी, ऊन, निवळी, तेल, तोंडाला फडकं. हात बसला तिचा. दूधपिती पिल्लं असलेल्या कुत्रीला ती तेल लावायची नाही, पिल्लं चाटतात म्हणून. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एक पिल्लू मेलं तेव्हा शिकली.

"ठमाबाय कुत्र्यांची वैदीन झाली," गडी मिठागरात बोलायचे. "गोमाजी, तुना पन चोलतं कं रं ती?"

"चोलतं ना," गोमाजी म्हणायचा. "मी पन तिचा कुत्राच."

सगळे हसायचे. तोही हसायचा. पण मनगटावरचा चट्टा आता पंजावर उतरला होता, आणि बोटं फावड्याच्या दांड्यावर नीट मिटत नव्हती. काळुराम मुकादमानं एक दिवस त्याचा हात धरून वर केला.

"हे कं रं?"

गोमाजीनं हात सोडवून घेतला. संध्याकाळी काळुराम दारात आला, तेव्हा उत्तर ठमाबाईनं दिलं.

"कुत्र्याची लूत लागलेय त्याला. तोच धरतो ना कुत्रे, मी तेल लावतंय तवा."

काळुराम वाईट माणूस नव्हता. "मंग कुत्रे धरू नको सांग," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं गोमाजीला तुडवणीवरून काढून राखणीवर बसवलं. थोडे दिवस ते निभावलं. ठमाबाईला वाटलं, बोललेलं खोटं चांगलं लागू पडलं.

फाल्गुनात काळुरामच्या पोरीला, तुळसाला, बोटांच्या बेचक्यात खरूज आली. पोरांना येते तशीच. चार घरांतल्या पोरांना आली. एरवी कुणी लक्षही दिलं नसतं. पण चंद्रभागेच्या डोक्यात ते वाक्य बसलं होतं.

"तूच बोल्लीस ना, लूत मानसाला लागतंय? गोमाजीला लागली, आता माज्या पोरीला. पोर तुज्याच पडवीन खेलते त्या लुत्याशी."

"पोरांची खरूज हाय ती, चंद्रे. करंजाचा तेल लाव, जाल."

"मंग तुज्या दाल्ल्याची का जात नाय?"



दुपारी काळुराम आला. बरोबर तिघं होते, चौघांच्याही हातांत दांडके. दोन कुत्री आधीच मारून आले होते, राघोची एक आणि पाड्यावरचा एक. दांडक्यांना केस चिकटले होते.

"ठमाबाय, कुत्रा सोर."

आतून गोमाजी उठला. "मी बोलतो त्याला," म्हणाला. "कुत्र्याचा कं गुन्हा? मी सांगतो कं झालाय ते."

ठमाबाईनं त्याला छातीवर हात ठेवून मागे ढकललं. "सांग आनि जा खोपीन. मी पानावं भात ठेवतंय तुना लांबून. तेच पायजे ना?"

तो भिंतीला टेकला. ती बाहेर आली आणि दाराला बाहेरून कडी घातली.

लुत्या माणसं बघून परसात पळाला होता. तिघं मागे धावले, पण तो काही हाती लागेना. कुंपणातून इकडे, माडामागून तिकडे. एक गडी चिखलात बसला तेव्हा बाकीचे हसले. काळुराम दमला.

"तू बोलव त्याला," तो म्हणाला. "तुजाच ऐकतो."

ठमाबाईनं तेलाचं गाडगं घेतलं आणि पडवीत रोजच्या जागी बसली. लुत्या आला. मान खाली, शेपटी हलवत, रोजच्यासारखा तोंड पुढे करून. तोंडाला फडकं तिनंच बांधलं. तो चावू नये म्हणून, एवढंच तिनं मनाशी म्हटलं. मग दोरी धरली. काळुरामनं एका घावातच केलं काम. आतून दारावर धक्के बसत होते, ते थांबले.

कुत्रा तिनं एकटीनं ओढत नेऊन बांधापलीकडे पुरला.  पुढे कितीतरी दिवस गोमाजी तिच्या हातचं तेल लावून घेईना. "त्याला लाव जा," म्हणायचा.

तेल आता आणायचं तरी कुणाच्या नावानं? ठमाबाई रानात फिरून कडूकवठीच्या बिया गोळा करायला लागली. पाट्यावर वाटायची, पाण्यात उकळायची आणि वर येईल ते बोटानं काढायची. त्यानं काही झालं नाही. काही होणार नव्हतंच. गोमाजीच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. चट्टे नाकाच्या बाजूला आले तेव्हा त्यानं घराबाहेर पडणं सोडलं. हिवताप धरलाय, असं ती सांगत राहिली. आणि श्रावणात खरोखरच हिवतापानं त्याला धरलं. आठव्या दिवशी सकाळी तो गेला. घरात, आपल्या घोंगडीवर.

गाव जमलं. पाऊस उघडला होता. अंगणात पाट मांडला, पाणी तापलं. प्रेताला आंघोळ भावकीतल्या गड्यांनी घालायची असते. बायकांना तिथं जागा नाही.

"मी घालतंय त्याला पानी," ठमाबाई म्हणाली.

"येडी झालीस कं?" बाया तिला ओढायला लागल्या. ती दारातून हलेना. आतून प्रेत आणायला गडी खोळंबले होते. शेवटी काळुराम तिला बाजूला सारून एकटाच आत गेला आणि त्यानं घोंगडी काढली.

 ठमाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी. आता तो बाहेर येईल. आता तो ओरडेल. माणसं मागे सरतील, आणि कुणीतरी काडी आणायला पळेल.

"पानी आतच आना रं," काळुरामनं हाक दिली. "अंगनान चिखल झालाय."

त्यानं आतच आंघोळ घातली, एकट्यानं. पांढऱ्या कापडात पायाच्या टोकापर्यंत गुंडाळून, वरून सुतळीनं आवळून बाहेर आणलं. तोंडावर भरपूर गुलाल थापला होता. "उचला," म्हणाला, आणि पुढचा खांदा त्यानं स्वतः दिला.

तिसऱ्या दिवशी तो आला. उभाच राहिला पडवीत. हात त्यानं राखेनं घासघासून सोलून काढले होते.

"ती कुत्र्याची लूत नवती ना?"

"नाय."

"मी फुकट मारला त्याला."

"मी धरलावता."

"बोलाचा व्हता तुनी मना."

"बोल्ली असती, तर तू खांदा दिला असतास?"

काळुरामनं नकारार्थी मान हलवली. खोटं बोलायचा त्यानं प्रयत्न केला नाही. मग हात पुढे केले आणि आवाज खाली आणला.

"तेल उरलाय कं थोरा? मना दे. मी त्याला हाथ लावलाय."

ठमाबाईनं गाडगं आणून त्याच्यासमोर ठेवलं.

"ने सगला. चुन्याची निवली घाल, आनि चोल कातरीपर्यंत. कुत्र्यांना गुन येतो," ती म्हणाली. "मानसाचा मना म्हायती नाय."

त्यानं गाडगं धोतराच्या सोग्याखाली झाकलं. घरी चंद्रभागेनं विचारलं तर काय सांगायचं, ते तो वाटेत पुटपुटत गेला.