घरमालकांचा दुपारचा प्रतिस्पर्धी

संगणकाला ‘अहो-जाहो’ करणारा माणूस अख्ख्या दिग्रसात एकच, आणि मी त्यांच्याच घरात भाड्यानं राहत होतो. आमचे घरमालक कापसाच्या जिनिंगमधले निवृत्त फिटर. यंत्र कानानं तपासायची सवय इतकी की शेजारणीचा मिक्सर सुरू झाला तरी हातातला घास थांबवून ते ‘बेअरिंग गेली’ असं जाहीर करत, आणि आठवड्याभरात ती जाई. एकदा तर त्यांनी सगळी रात्र घोरलेल्या जावयाला सकाळी चहासोबत ‘ग्रीस कमी पडून राह्यलं तुमाले’ असा सल्ला दिला. जावई त्यानंतर मुक्कामाला आले नाहीत.

निवृत्त होताना त्यांनी जिनिंगच्या भंगारातला एक जुनाट संगणक घरी आणला. त्यात बुद्धिबळाचा एक प्रोग्राम होता. दुपारी जेवण झालं की घरमालक धुतलेला सदरा चढवून त्याच्यासमोर बसत, चाल करत आणि म्हणत, “घ्या, आता तुमची.” संगणक पाच-सहा मिनिटं कुरकुरत विचार करी. तेवढ्यात ते जास्वंदीला पाणी घालून येत आणि हरत. मी राहायला आल्यापासून ते एकदाही जिंकले नव्हते.

एका उन्हाळ्यात संगणकातून धूर निघाला. पुण्याच्या लेकीनं नवा लॅपटॉप पाठवला. माझं संगणक दुरुस्तीचं दुकान असल्यामुळे जबाबदारी माझ्यावर आली. जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर उघडेना. मग मी नव्या संगणकाच्या पोटात जुन्याचं सोंग उभं करणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, म्हणजे प्रोग्रामला वाटावं, आपण आपल्या जुन्याच डब्यात आहोत. पट उघडला. घरमालकांनी प्यादं सरकवलं, आणि त्यांनी बोट उचलायच्या आत उत्तर आलं.

त्यांनी लॅपटॉप मिटला. “हा तो नाही. विचार न करता बोलणारं घरात एक हाय ना, दुसरं काहून आणलं?”

“ऐकून राह्यली मी!” आतून काकू म्हणाल्या.

सुदैवानं त्या सोंगाचा वेग कमी करता येत होता. मी आकडा उतरवत गेलो, ते डोळे मिटून “अजून हळू, अजून” म्हणत राहिले. जास्वंदीला पाणी घालण्याइतका वेळ मिळाला, तेव्हा कुठे मान हलली.

मी निघालो, तर काकूंनी जिन्यात गाठलं. “बाप्पा, एकदा तरी जिंकू द्या ना त्याइले. माह्यं नाव सांगू नका.” दुसऱ्या दिवशी घरमालक बाजारात गेलेले पाहून मी प्रोग्रामची अवघडपणाची पातळी सहावरून दोनवर आणली.

त्याच दुपारी ते जिंकले. काकूंनी रात्री कोथिंबिरीची सांबारवडी केली. ताटावर बसून घरमालकांनी पहिल्या प्याद्यापासून शेवटच्या शहापर्यंत सगळा डाव सांगितला, काकू हनुवटीला हात लावून ऐकत राहिल्या. जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

“भाऊ, त्यानं वजीर फुकट देल्ला. असा नाही तो. तुमी त्याले काय केलं?”

मी काकूंना वगळून सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. खाटेच्या कडेवर टेकले. “पहिल्यासारखा करून द्या,” ते म्हणाले. “पण तिले सांगू नका. भल्ली खुश झाली हो ती.”

पुढच्या दुपारी ते व्यवस्थित हरले. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, “जिंकलो,” आणि गुणगुणत जास्वंदीकडे गेले. काकू माझ्याकडे वळल्या. “हरले आज. हरले का असंच गुणगुणते. तुमी बोलू नका काही.”

आता मी पुसदला दुकान हलवलं आहे. कधी दुपारी फोन केला तर काकूच उचलतात आणि सांगतात, “जिंकले आजही.” मागून गुणगुणणं ऐकू येतं. मी अभिनंदन कळवायला सांगतो.