कॅण्डलची चीर

सणसरला आमच्या बोअरचं पाणी इतकं मचूळ होतं, की त्यात तुरीची डाळ दोन तास शिजवली तरी दाणा दाणा वेगळा राहायचा. म्हणून घरावर स्लॅब पडल्याबरोबर सासऱ्यांनी पावसाच्या पाण्याची टाकी बांधून घेतली. ते पोस्टातून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. नवरा नोकरीला पुण्यात, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ही गोष्ट नव्वदच्या दशकातली.

टाकीच्या पाण्यात डाळ मेणासारखी शिजायची. पण दिवाळी सरली की त्या पाण्याला शेवाळाचा वास यायचा. शेवटी फिल्टर घ्यायचं ठरलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

बारामतीच्या भांड्यांच्या दुकानातच आमचं वाजलं. शाळेतल्या गाइडच्या मुलींची शिबिरं मी घ्यायचे, म्हणून मला उचलायला हलका असा प्लॅस्टिकचा फिल्टर हवा होता. आबांना स्टीलचाच पाहिजे होता. दुकानदार चाचांनी दोन्ही उघडून दाखवले आणि आतली पांढरी, चिनी मातीची कॅण्डल माझ्या हातात दिली.

"ताई, डबा कुठलाबी घ्या. पाणी साफ करती ती ही. हिला जपायचं. साबण लावायचा न्हाय, उकळतं पाणी वतायचं न्हाय. मऊ ब्रशनं वरचा गाळ काढायचा, बस."

स्टीलचा आला. पाणी थेंब थेंब पडायचं. सकाळी भरलेला वरचा डबा संध्याकाळपर्यंत अर्धाही उतरायचा नाही, आणि आठ दिवसांत कॅण्डलवर हिरवट बुळबुळीत थर चढून तेही बंद व्हायचं. दर रविवारी तळाचा रबरी वायसर काढा, कॅण्डल घासा, पुन्हा आवळा. वायसर वाकडा बसला की रात्रभर ओट्यावर पाणी. मी घासताना पुटपुटायचे, "प्लॅस्टिकचा घेतला असता तर दोन कॅण्डली बसल्या असत्या." आबा ऐकायचे आणि पेपरात तोंड घालायचे. मग एके दिवशी म्हणाले, "आन हिकडं, मी घासतो. तुजी कटकट तरी थांबंल."

पुढच्याच रविवारी चमत्कार झाला. पाणी भराभर उतरायला लागलं.

"आबा, काय केलंत? आज दुपारच्या आतच खालचा डबा भरलाय की!"

"मोकळी झाली आसंल," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

विज्ञानाची शिक्षिका मी. तुंबलेली कॅण्डल एका घासण्यात अशी कशी मोकळी होते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. कटकट मिटली, एवढंच मला पुरे होतं.

पंधरा दिवसांनी शिबिर लागलं, इंदापूरच्या पुढे धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. फिल्टरचे डबे सुटे करून गोधडीत गुंडाळले आणि एसटीनं नेले. बारा मुली होत्या, आणि प्यायला पाणी फुगवट्यातलंच. दुसऱ्या दिवशी सरपण कमी पडलं. बरोबरच्या शिक्षिका म्हणाल्या, "भात नंतर करू, आधी पाणी उकळून घेऊ." मी म्हणाले, "फिल्टर आहे ना. सरपण भाताला ठेवा."

परतल्यावर दोन दिवसांत चार मुलींना जुलाब लागले. तिघी बऱ्या झाल्या. चौथीला दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा तिचे वडील पलंगाशी उभे होते. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, तुमी तर सायन्सच्या. तुमच्या भरवशावर पोरगी धाडली हुती."

दुसऱ्या दिवशी कॅण्डल पिशवीत घालून मी चाचांकडे गेले. त्यांनी तिच्या नळीला रबरी पाइप लावला, कॅण्डल बादलीत बुडवली आणि फुंकर मारली. बुडाजवळून बुडबुड्यांची सरळ रेघ वर आली. त्यांनी तिथं नखानं खरवडलं तर पांढरी पूड निघाली.

"हितं कुणीतरी व्हाइट सिमेंट लावलंय, ताई, पन ते धरलं न्हाय. चीर हाय. सगळं पाणी हितनंच जात हुतं, न गाळता."

घरात व्हाइट सिमेंटचा एकच डबा होता, टाकीच्या कामातून उरलेला. घरी येऊन मी कॅण्डल आबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हातनं निसटली. मोरीच्या कडंवर आपटली. केसाएवढी चीर हुती."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं आसतं तर तू म्हनली आसतीस, स्टीलचाबी तुमीच आनला आन फोडलाबी तुमीच."

म्हणाले असतेच मी. त्याचाच मला जास्त राग आला. "आबा, ती पोरगी दगावली असती!" मी ओरडले. इतक्या वर्षांत त्यांच्यावर पहिल्यांदा. ते उठून बाहेर गेले. त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

सकाळी मी शाळेला निघायच्या आधीच ते टोपी घालून दारात उभे होते. म्हणाले, "त्या पोरीच्या घरी जायचं. माजं मी सांगतो."

मुलगी घरी आली होती, ओसरीवर पेज पीत बसली होती. आबांनी तिच्या वडिलांना सगळं सांगितलं, सिमेंट लावल्याचंही. चूक माझी हाय, असं दोनदा म्हणाले. मीही सांगितलं, की पाणी उकळायचं मीच टाळलं. वडिलांनी एकदा मुलीकडे बघितलं. म्हणाले, "बरं. आता तुमी तरी काय करनार." चहा विचारला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मी नवी कॅण्डल आणली. शिबिरात सरपणाचा भारा जास्तीचा न्यायला लागले आणि फिल्टर असो नसो, पाणी उकळल्याशिवाय पेल्यात ओतलं नाही. पण पुढच्या वर्षी गाइडच्या यादीत त्या मुलीचं नाव नव्हतं. मी सायकलवरून तिच्या घरी गेले. आई दारातच आडवी उभी राहिली. "न्हाय पाठवायची, बाई," एवढंच म्हणाली. आत मुलगी दप्तर भरत होती. तिनं मान वर केली, मला बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी सायकल वळवली.